वरचे दोन मजले

४ नोव्हेंबर

उद्या कोणी विचारलं, ‘हे सगळं चाललं होतं तेव्हा अध्यक्षमहाराज झोपले होते का?’ तर दाखवायला काहीतरी हवं. म्हणून आजपासून लिहायला घेतलं आहे.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी बर्फाचा कारखाना होता. तो बंद पडून बरीच वर्षं झाली. आता ती जागा एका बिल्डरने घेतली आहे आणि तिथे पाच मजली इमारत येणार आहे. आमच्या गल्लीत तिसऱ्या मजल्याच्या वर फक्त कबुतरं राहतात. नियम असा आहे की गल्लीत नवी इमारत यायची तर आधी गल्लीच्या समितीचं मत घ्यावं लागतं, आणि समिती अडून बसली तर नगरपालिका सहसा तिला डावलत नाही. आज या समितीचा अध्यक्ष म्हणून माझी निवड झाली.

नाव सुचवलं दातांच्या डॉक्टरबाईंनी. म्हणाल्या, “अध्यक्ष असा हवा की ज्याला कोणी फसवू शकत नाही.” यात खोटं काही नाही. मी जन्मभर बसमध्ये तिकीट तपासनीस होतो. बसमध्ये पाऊल टाकलं की कोण फुकट्या आहे ते मला मानेवरून कळायचं. खिडकीबाहेर फार रस घेऊन बघणारा माणूस बहुतेक बिनतिकीट असतो.

समितीत आम्ही दोघं, सलूनवाला, आणि आणखी दोन जण जे बिस्किटं संपेपर्यंत बसतात.

घरी आल्यावर सांगितलं तर ही म्हणाली, “अध्यक्ष? मग आता भाजी कोण आणणार?”

७ नोव्हेंबर

कारखान्याच्या जागेवर आज बांबू उभे राहिले. हाही नियमच. इमारत जेवढी उंच होणार तेवढे बांबू चारही कोपऱ्यांवर उभे करायचे, वर लाल फडकी बांधायची आणि फडक्यांमधून दोरी ओढायची, म्हणजे लोकांना कळतं की आपल्या डोक्यावर काय येणार आहे. सगळी गल्ली माना वर करून बघत होती. सलूनवाला तर गिऱ्हाइकाच्या अर्ध्या गालावर साबण तसाच ठेवून बाहेर आला होता.

फारच उंच आहे. मला पहिल्या नजरेतच पटलं नाही.

नातीला शाळेतून आणताना ती थांबली आणि बोट वर करून म्हणाली, “आजोबा, ती आमची खिडकी.” मी म्हटलं, “कुठली खिडकी? तिथे नुसती हवा आहे.” तर म्हणाली, “दोरीच्या खाली. लाल फडक्याच्या बाजूला.” मुलांच्या डोक्यात काय येईल सांगता येत नाही. घरी हिला गंमत म्हणून सांगितलं, तर हिच्या हातातला कप खाली पडला. हिचा हात हल्ली फार थरथरतो, डॉक्टरला दाखवायला हवं. दातांच्या नाही, खऱ्या.

११ नोव्हेंबर

समितीसमोर आज आर्किटेक्ट आली. तरुण मुलगी, आखूड केस, पाठीला पिशवी. फार गोड बोलते. आल्या आल्या मला विचारलं, “काका, तुम्हाला ऐकू नीट येतंय ना, की पंखा बंद करू?” एवढी काळजी कोणी फुकट करत नाही.

तिचं म्हणणं असं. खालचे तीन मजले बिल्डर हव्या त्या किमतीला विकणार. वरच्या दोन मजल्यांवर लहान लहान घरं. ती विकायची नाहीत, कमी भाड्याने द्यायची, आणि तेही याच गल्लीत भाड्याने राहणाऱ्यांना. त्या बदल्यात नगरपालिका दोन मजले जास्त बांधू देते. म्हणजे वरचे मजले राहिले तर लहान घरं राहणार, ते गेले तर घरं गेली.

मी विचारलं, “कमी भाड्याने घर कोण कशाला देईल?”

“द्यावं लागतं काका. अटच आहे.”

“ही घरं कोणाला मिळणार?”

“चिठ्ठ्या टाकून ठरलंय. पण नावं आत्ता सांगता येणार नाहीत.”

लगेच माझ्या मनात पाल चुकचुकली. मी म्हटलं, “का? एवढं काय लपवायचंय?”

ती जरा घुटमळली. मग म्हणाली, “परवानगी मिळेपर्यंत हे लोक आपापल्या घरमालकांकडेच राहणार आहेत. मालकांना आधीच कळलं तर त्यांना त्रास होऊ शकतो.”

घुटमळली, हे महत्त्वाचं. ज्याच्याकडे तिकीट असतं तो घुटमळत नाही. माझा हिशेब स्वच्छ आहे, ही घरं नगरसेवकाच्या मेहुण्यांना जाणार आणि नाव आपल्या गल्लीचं होणार. निघताना डॉक्टरबाई हळूच म्हणाल्या, “वर कोण येऊन राहील, कोण जाणे! गल्लीला एक वळण आहे हो, ते बिघडायला वेळ लागत नाही.” मला जे शब्दांत मांडता येत नव्हतं ते बाईंनी नेमकं मांडलं. माणूस शिकलेला असला की फरक पडतो.

सलूनवाला बैठकीत एक अक्षर बोलला नाही. एरवी खुर्चीत बसवलं की जगाचं राजकारण सोडवतो. कुठेतरी पाणी मुरतंय.

१३ नोव्हेंबर

आज एक युक्ती सुचली आणि मी स्वतःवरच खूश झालो. संध्याकाळी चहा पिऊन बाहेर पडलो तर बांबूंची आणि दोरीची सावली गल्लीभर पसरलेली. थेट आमच्या दारापर्यंत! मी खडू आणला आणि सावलीच्या कडेकडेने रस्त्यावर रेघ ओढली. वाकताना कंबर बोलली, पण रेघ सरळ आली.

लोक दारात आले. “हे काय, काका?” मी म्हटलं, “या रेघेच्या अलीकडे जे जे आहे ते सगळं अंधारात जाणार.” शिंपीणबाई रेघेकडे बघून म्हणाल्या, “म्हणजे माझं मशीनसुद्धा?” मी म्हटलं, “मशीनसुद्धा.” त्यांचा चेहरा उतरला. वाईट वाटलं, पण लोकांना वेळीच कळायला हवं.

१४ नोव्हेंबर

पुन्हा रेघ ओढली. आज गर्दी जास्त.

१६ नोव्हेंबर

लेक सकाळी नेहमीप्रमाणे आली. ती आमच्याच गल्लीत, डॉक्टरबाईंच्या इमारतीत वर भाड्याने राहते, म्हणजे आमच्या दारातून तिच्या गॅलरीतले कपडे दिसतात. रोज कामावर जाताना नातीला आमच्याकडे सोडते, उभ्या उभ्या चहा पिते, आईच्या गोळ्या काढून ठेवते आणि पळते. औषधांच्या दुकानात आहे ती, इस्पितळाजवळच्या. जावई गाड्यांच्या बॅटऱ्या विकतो.

आज उभी न राहता बसली. म्हणाली, “बाबा, तुम्ही रेघ संध्याकाळीच का ओढता?”

“सावली तेव्हा दिसते म्हणून.”

“संध्याकाळी माझीसुद्धा सावली सलूनपर्यंत जाते. थंडीत सूर्य खाली असतो. दुपारी आखून बघा ना एकदा.”

मी म्हटलं, “तुला एवढा पुळका कशाला त्या बांबूंचा?”

तिने आईकडे बघितलं. आईने ओट्याकडे बघितलं. लेक म्हणाली, “पुळका नाही. सहज विचारलं.” आणि चहा अर्धा टाकून गेली.

सहज कोणी काही विचारत नसतं, हे मला माझ्या नोकरीने शिकवलं.

दुपारी डॉक्टरबाईंनी रंगीत खडूंचा डबा पाठवला. सोबत निरोप, ‘पांढरा फारसा उठून दिसत नाही.’ किती बारीक लक्ष असतं या बाईंचं.

२० नोव्हेंबर

हे लिहिताना हात जड झाला आहे.

आज बाजारातून येताना चहाच्या टपरीमागे जावई आणि ती आर्किटेक्ट उभे होते. तिने कागद उलगडला होता आणि तो त्यावर बोट ठेवून काहीतरी विचारत होता. मी खांबाआड झालो. ती म्हणाली, “त्याहून मोठं नाही करता येणार, खरंच.” आणि तो म्हणाला, “नाही हो, तेवढंही खूप आहे. कपाट तेवढं बसलं म्हणजे झालं.”

कपाट म्हणजे काय? यांच्या भाषेत कपाट म्हणजे काय असतं, ते शोधून काढलं पाहिजे. मध्यस्थी करतोय हे तर उघड आहे. बॅटऱ्यांच्या धंद्यात हल्ली दम राहिला नाही, असं मध्ये म्हणालाही होता. माझ्याच घरात शिरून माझ्याच समितीची बातमी काढायची आणि पलीकडे विकायची! लग्नात त्याच्या चपला लपवल्यावर शांतपणे मोजे घालून फिरला होता तेव्हाच मला वाटलं होतं, हा मुलगा दिसतो तेवढा साधा नाही.

२१ नोव्हेंबर

हिला सगळं सांगितलं. हिने सुई-दोरा खाली ठेवला. म्हणाली, “अहो, सुतावरून स्वर्ग गाठायची पण काही हद्द असते. जावई आहे तो आपला.”

“म्हणूनच जास्त लक्ष ठेवायला हवं.”

“तुम्ही एकदा लेकीला सरळ विचारा की, तुला काय हवंय.”

“विचारल्यावर कोणी खरं सांगतं का?”

यावर ती उठून आत गेली. तिलाही सामील करून घेतलं असावं का? हे लिहितानासुद्धा लाज वाटते. पण लिहून ठेवतो.

२४ नोव्हेंबर

लेकीकडे गेलो होतो, सहज. म्हणजे सहज नाही. घरात काही नवीन आलंय का, बघायला गेलो होतो. टीव्ही जुनाच. पंखा जुनाच, आणि तोही कुरकुरतो. छताला ओल आलेली, खाली बादली. मी म्हटलं, “डॉक्टरबाईंना सांगितलं नाहीस का?” म्हणाली, “तीनदा सांगितलं. म्हणतात, पटत नसेल तर बघा दुसरीकडे. बाबा, नव्या वर्षात त्या भाडं वाढवणार आहेत. आम्हाला झेपणार नाही एवढं.”

मी म्हटलं, “बाईंनाही कर भरावे लागतात. मला स्वतः बोलल्या त्या, फार नाइलाज आहे म्हणून.”

“तुम्हाला बोलल्या आणि तुम्हाला खरं वाटलं?”

“त्यांच्यावर विश्वास ठेवायला हरकत काय आहे?”

लेक हसली. पण ते हसणं मला आवडलं नाही. मेजपट्टी खाटेवर पडली होती आणि कपाटाच्या पायाशी पेन्सिलने आकडे लिहिलेले होते. मी नजरेतून सोडलं नाही.

२९ नोव्हेंबर

जिंकलो!

आज समितीची बैठक झाली. हॉलमध्ये उभं राहायला जागा नव्हती. शिंपीणबाई, पिठाची गिरणी, भांडीवाले, सगळे आले होते, कारण सगळ्यांच्या उंबऱ्यावरून माझी रेघ गेली होती. मी बोललो. गल्लीचं वळण, गल्लीचा उजेड, वर येणारे अनोळखी लोक, नगरसेवकाचे मेहुणे, सगळं बोललो. टाळ्या पडल्या. आयुष्यात मला पहिल्यांदाच टाळ्या पडल्या. बसमध्ये लोक माझ्याकडे बघायचे ते कसे बघायचे, ते मला माहीत आहे.

आर्किटेक्ट उठून म्हणाली, “तुमच्यातल्याच लोकांची घरं आहेत ती. एकदा तरी विचार करा.” मी म्हटलं, “मग नावं सांगा.” ती गप्प बसली. लोक हसले.

ठराव झाला. तीनच मजले, वर कौलारू छप्पर, पुढे लाकडी कठड्याच्या गॅलऱ्या, गल्लीत शोभतील अशा. बिल्डरचा माणूस पाय पसरून बसला होता, त्याने जराही वाद घातला नाही. ‘गल्लीच्या भावनांचा आम्ही आदर करतो’ म्हणाला, आणि घरं आता मोठी करू, किंमतही तशीच येईल असं काहीतरी शेजाऱ्याला सांगत होता. नमला अखेर.

हात वर करताना सलूनवाल्याने ना इकडे केला ना तिकडे. त्याचं दुकान डॉक्टरबाईंच्याच इमारतीत खाली आहे, बाई समोर बसलेल्या असताना तरी त्याने ठाम राहायला हवं होतं.

३० नोव्हेंबर

लेक आज आली नाही. नातीला जावई सोडून गेला. चहा नको म्हणाला.

१ डिसेंबर

लेक आली नाही.

३ डिसेंबर

आज दुपारी हिने मला खुर्चीत बसवलं आणि दार लावून घेतलं. म्हणाली, “आता मी बोलते. मध्ये एक शब्द बोलायचा नाही.”

वरच्या मजल्यावर लेकीचं घर होतं. चिठ्ठीत तिचं नाव निघालं होतं. दोन खोल्या, गल्लीकडे खिडकी, आत्ताच्यापेक्षा निम्म्याहून कमी भाडं, आणि कोणी वाढवू शकणार नाही अशी अट. सलूनवाल्यालाही लागलं होतं. शिंपीणबाईंच्या मुलालाही. जावई तिथे कपाट बसेल का, हे विचारायला गेला होता. त्यांचं लग्नातलं कपाट, लाकडी, जे त्याला विकवत नाही. कपाट म्हणजे कपाटच होतं.

मी म्हटलं, “मला का नाही सांगितलं?”

“सांगितलं असतं तर तुम्ही तिच्यावरच चौकशी बसवली असती.”

 तिचं खरं होतं.

हिचा आवाज चढला नाही, तेच वाईट होतं. म्हणाली, “रोज सकाळी तुमच्यासमोर बसून तिने आडून आडून सांगायचा प्रयत्न केला. दुपारी रेघ ओढा म्हणाली. तुम्ही तिच्या तोंडाकडे बघत होतात, ती काय बोलतेय ते ऐकत नव्हतात.”

४ डिसेंबर

दुपारी उन्हात जाऊन उभा राहिलो. सावली कारखान्याच्या कुंपणाच्या आत होती. सगळीच्या सगळी.

मला इतकं रडू आलं की भरगल्लीत खडूचा डबा हातात धरून उभा राहिलो. भांडीवाला म्हणाला, “काका, आज रेघ लवकर?” मी मान हलवली आणि घरी आलो.

५ डिसेंबर

लेकीच्या दारात गेलो. तिने दार उघडलं. मी म्हटलं, “मला माहीत नव्हतं गं.” ती म्हणाली, “हो बाबा.” मी म्हटलं, “मी ठराव फिरवतो.” ती म्हणाली, “नका आता. राहू दे.” मी म्हटलं, “मी केलंय, मीच निस्तरणार.” तिने आणखी काहीतरी सांगायला तोंड उघडलं होतं, पण मी तोवर जिन्यावर होतो. एकदा ठरवलं की मला दम निघत नाही.

९ डिसेंबर

पुन्हा बैठक बोलावली. अध्यक्षाला तेवढा अधिकार आहे.

मी उभा राहिलो आणि म्हटलं, माझी रेघ चुकली. संध्याकाळची सावली धरून मी तुम्हाला घाबरवलं, दुपारी सावली गल्लीत येतच नाही. वरचे दोन मजले राहू द्या. तिथे आपलीच माणसं येणार आहेत.

गिरणीवाला म्हणाला, “दहा दिवसांत एवढं मत बदललं? काय झालं, काका?”

“खरं कळलं.”

“कोणाकडून?”

मला खोटं बोलायचं नव्हतं. एकदा तरी सगळं स्वच्छ सांगावं असं वाटलं. मी म्हटलं, “माझ्या लेकीचं घर होतं तिथे.”

सगळ्या हॉलचा चेहरा बदलला. तो चेहरा मी ओळखतो, जन्मभर तो माझ्याच तोंडावर होता. कोणीतरी मागून म्हणालं, “असं आहे होय.” कोणीतरी हसलं. गिरणीवाला म्हणाला, “नगरसेवकाचे मेहुणे म्हणत होतात ना? ते तर तुमच्याच घरात निघाले.” मी म्हटलं, “अहो, चिठ्ठीत निघालंय ते, रीतसर!” जितकं ओरडून सांगितलं तितकं ते खोटं वाटायला लागलं, माझं मलासुद्धा.

मी सलूनवाल्याकडे बघितलं. त्याचंही घर होतं तिथे. तो एक शब्द बोलला असता तर! तो आपल्या नखांकडे बघत बसला. त्याच्याकडून ही अपेक्षा नव्हती. त्याला कसली एवढी भीती?

डॉक्टरबाई माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, “म्हणजे लेक माझी जागा सोडणारच होती तर. मला कळवलं असतं तर बरं झालं असतं.” बोलणं नेहमीसारखंच गोड होतं.

ठराव तसाच राहिला. मी अध्यक्षपद सोडलं, कोणी आग्रह केला नाही.

१३ डिसेंबर

डॉक्टरबाईंनी लेकीला महिनाअखेर जागा रिकामी करायला सांगितली. ‘तुम्हाला जायचंच होतं, मग मीही दुसरी सोय बघितली,’ म्हणाल्या. भाडेकराराची मुदत संपतच होती, त्यामुळे कायद्याने काही करता येत नाही.

मी सांगितलं नसतं तर निदान वाढीव भाड्यावर काही महिने तरी निघाले असते. आर्किटेक्टला नावं सांगायला लावत होतो. ती शेवटपर्यंत बोलली नाही. मी न मागता सांगून आलो.

१४ डिसेंबर

नातीने विचारलं, “आजोबा, आपण कुठे जाणार?” मी म्हटलं, “आपण नाही. तुम्ही.”

२८ डिसेंबर

लेकीचं सामान गेलं. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला जागा मिळाली आहे, दोन बस बदलून जावं लागतं. तिथून तिला दुकानात पोचायचं तर पहाटे निघावं लागणार, नातीची शाळा बदलणार. आईच्या गोळ्या आता मी काढून ठेवायच्या. लेकीने रंगीत झाकणांच्या डब्या आणून मला समजावून दिलं, सकाळची कुठली, रात्रीची कुठली. चिडली असती तर बरं वाटलं असतं. ती नुसती समजावत होती, म्हाताऱ्या माणसाला समजावतात तसं.

कपाट जिन्यातून उतरेना. जावई आणि हमाल घामाघूम झाले. मी खालून हात लावायला गेलो तर जावई म्हणाला, “बाबा, तुम्ही नका, कंबर दुखेल.” मी हात लावलाच. टेम्पोत चढवल्यावर मी त्याला म्हटलं, “तुझ्याबद्दल मी फार वाईट विचार केला रे.” तो म्हणाला, “माहीत आहे. आई म्हणाल्या होत्या.” आणि दोरी घट्ट ओढायला लागला.

१९ जानेवारी

कारखान्याच्या जागेवर पाटी लागली आहे. चित्रातली इमारत खरंच देखणी आहे. कौलं, लाकडी कठडे, सगळं मी सांगितलं तसं. एका घराची किंमत ऐकून गिरणीवाला म्हणाला, “आपल्यापैकी कोण घेणार हे?”  त्याचा मुलगाही भाड्यानेच राहतो. लवकरच त्याचंही भाडं वाढेल.

बाईंनी भाडं वाढवलं आणि सलून बंद झालं. कुठे गेला, कोणाला माहीत नाही. आता मला त्याचं गप्प बसणं कळतं, पण ते त्याला सांगायला तो नाही.

२ फेब्रुवारी

लेकीच्या जुन्या घराची एक किल्ली आमच्याकडे राहिली होती. ती द्यायला गेलो. डॉक्टरबाई वरच होत्या, घर दाखवत होत्या. एक तरुण जोडपं आलं होतं, मुलीच्या कडेवर बाळ. भिंतींना नवा रंग, छतावरची ओल रंगाखाली गेलेली.

“या या,” बाई म्हणाल्या, “हे आमच्या गल्लीतले सगळ्यात जुने. गल्लीसाठी यांनी फार केलंय.”

मुलगी माझ्याकडे बघून हसली. म्हणाली, “काका, गल्ली छान आहे ना? आम्हाला भाडं जरा जड जातंय, पण हिच्यासाठी शांत जागा हवी होती. आधीचे लोक का गेले हो?”

बाईंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. मी आधी बोललो. “मी घालवलं त्यांना,” मी म्हटलं. “माझी लेक होती.”

बाई मोठ्याने हसल्या. “काकांची विनोदाची सवय काही जात नाही!” म्हणाल्या. मुलगीही हसली, आणि आई हसते म्हणून बाळ हसलं. मुलगा हसला नाही. तो माझ्याकडे निरखून बघत होता, मी खरं बोलतोय की मला कोणी काही शिकवून पाठवलंय, हे ओळखायचा प्रयत्न करत होता. मला वाटलं, हा विचारेल. विचारलं असतं तर मी सगळं सांगितलं असतं, ओल, भाडं, मुदत, सगळं.

पण त्याने बायकोच्या कोपराला हात लावला आणि ती दोघं खिडकीकडे गेली, माझ्यापासून लांब. मी किल्ली बाईंच्या हातात दिली आणि जिना उतरलो.

संध्याकाळी कळलं, त्यांनी घर घेतलं.